यंत्राच्या अहवालावर विद्यार्थ्याला दोषी ठरवू नका

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. गेल्या सत्रात बीएच्या मुलांना १९३०च्या सोलापूर मार्शल लॉवर, म्हणजे इंग्रजांनी शहरात लावलेल्या लष्करी अंमलावर, लिहायला सांगितले. वह्या तपासायला बसलो, तर सगळ्यांचे मराठी एकाएकी गुळगुळीत झालेले. आणि अकरा जणांनी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा या चौघांना सोलापुरातच फाशी दिल्याचे लिहिलेले. फाशी झाली ती येरवड्यात, १२ जानेवारी १९३१ रोजी. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज ये-जा करणारी ही मुले! एकाला जवळ बसवून विचारले. "सर, चॅटजीपीटीनं दिलं, मी वहीत उतरवलं," म्हणाला. निळ्या शाईत, समास आखून, सुवाच्य अक्षरात उतरवले होते.

मला त्याचा राग आला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये, विचारले ते लिहून देणारे हे संगणकी साधन लोकांच्या हाती आले आणि आम्ही मात्र तेच प्रश्न, त्याच वीस गुणांसाठी, तसेच देत राहिलो.

आता महाविद्यालये यावर जो उपाय करत आहेत, त्याबद्दल हे पत्र आहे. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हे टक्क्यांत सांगणारी सॉफ्टवेअर सर्रास वापरली जाऊ लागली आहेत. माझी एक जुनी विद्यार्थिनी दुसऱ्या महाविद्यालयात एमए करते. आई विड्या वळते, घरात तेलुगू, शाळा मराठी, इंग्रजी तिसरी भाषा. तिने विडी कामगार बायकांवर इंग्रजीत प्रकल्प लिहिला. पाने भिजवून कात्रीने कापण्यापासून कारखान्यात विड्या नाकारल्या जाण्यापर्यंत सगळे तिने लहानपणापासून घरात पाहिलेले. अहवाल आला, बहुतांश मजकूर यंत्राचा. पुन्हा लिहून आणायला सांगितले. तिने काय केले असेल? वाक्ये मोडली, मुद्दाम व्याकरणाच्या चुका घातल्या, मग प्रकल्प पास झाला. हे तिने मला सांगितले तेव्हा मला काय बोलावे ते सुचेना.

महोदय, ही सॉफ्टवेअर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, यावरून बराचसा अंदाज बांधतात. जिची इंग्रजी शब्दसंपत्ती बेताची, तिची वाक्ये साधी आणि अपेक्षितच असणार. परक्या भाषेत लिहिणाऱ्यांवर असा खोटा ठपका अधिक बसतो, हे २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे असे साधन त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राचा जेमतेम २६ टक्के मजकूर ओळखत होते आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवत होते. बनवणाऱ्यांनाच ज्याची खात्री नाही, त्यावर आमच्या मुलींचे गुण का ठरावेत? विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८चा वाङ्मयचौर्याचा नियमही इथे पुरत नाही. तो उताऱ्यांचे साम्य मोजतो, आणि यंत्र तर दरवेळी नवा मजकूर देते.

म्हणून विनंती आहे की केवळ अशा अहवालावरून कोणाचेही गुण कापू नयेत, प्रकल्प नाकारू नये, असा स्पष्ट शासन आदेश काढावा. शंका आली तर विद्यार्थ्याला समोर बसवून विचारावे. विडीच्या त्या प्रकल्पावर दहा मिनिटे प्रश्न विचारले असते, तर खरे-खोटे कळले असते. यंत्राची मदत घेतली तर ती कुठे आणि कशी, हे मुलांनी प्रकल्पातच लिहावे. त्यात गुन्हा नाही. मी स्वतः आता वर्गात चॅटजीपीटीचेच उत्तर छापून देतो आणि त्यातल्या चुका शोधायला लावतो. येरवड्याची चूक मुलांनी अर्ध्या तासात पकडली.

पण तोंडी परीक्षेला माणसे लागतात. राज्यातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि बरेचसे काम तासिका तत्त्वावरचे सहकारी ओढतात. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. एकेका मुलाला समोर बसवून दहा मिनिटे ऐकून घ्यायचे, तर तो वेळ त्यांच्या मानधनात कुठे बसतो? सॉफ्टवेअरवर जाणारा पैसा आधी तिकडे वळवा. तोंडी मूल्यमापनाचे तास त्यांच्या कार्यभारात धरा आणि रिक्त जागा भरा. पुढच्या सत्राचे अंतर्गत गुण भरायला सुरुवात होण्याआधी हा निर्णय व्हावा.

आपला,
सोलापुरातील एक प्राध्यापक