लवकर येणारे सोयाबीन आणि पेरणीचे अंतर

लवकर पक्व होणाऱ्या सोयाबीन वाणांची शिफारस करणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. जेएस ३३५ ला ९५ ते १०० दिवस लागतात, तर जेएस २०-३४ साधारण ८७ दिवसांत काढणीला येते. शेवटच्या पावसाने दडी मारली तरी दाणे भरण्याची आशा राहते, हे अगदी पटते. मात्र पेरणीच्या अंतराबद्दल लेखात एक ओळही नाही, याची खंत वाटली. जेएस २०-३४ ची झाडे बुटकी, फांद्या कमी. मी ते नेहमीच्या ४५ सेंटिमीटरवर पेरले, तर फुले लागली तरी ओळी एकमेकींना भिडल्या नाहीत. मधल्या उघड्या पट्ट्यात तणच माजले. ओळींतले अंतर ३० सेंटिमीटरवर आणून झाडांची संख्या वाढवावी लागते. वाणाच्या नावाशेजारी हे अंतरही छापावे, ही विनंती.

– एक सोयाबीन उत्पादक