ठासणीच्या बंदुका आणि गजावरची खूण

मा. संपादक, स.न.वि.वि.

भात पोसवलं की खानापूर तालुक्यात रानडुकरं शिवारात उतरतात. त्यामुळे जांबोटी-कणकुंबीकडे पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे गजानं ठासून भरायच्या) बंदुका अजून आहेत. आमच्या भावकीतल्या एका काकांनी शेतातल्या माळ्यावरून बार काढला, तर ठासायचा गज नळीतच राहिलेला! तो थेट शेजाऱ्याच्या फणसात रुतला. तेव्हापासून ते 'गजकाका'. झाडाखाली कुणी नव्हतं म्हणून हा किस्सा हसण्यावारी गेला.

खरी भीती दुबार ठासणीची, म्हणजे भरलेल्या नळीत पुन्हा भरण्याची. पावसात दारू सर्दते, केप (दारू पेटवणारी टोपी) फुटते पण बार होत नाही. माणूस घाईत पुन्हा ठासतो आणि नळी फाटते. बार उडाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून थांबावं, तोंडात डोकावू नये. रिकाम्या नळीत गज घालून नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून ठेवावी. पुढे गज घातल्यावर खूण तोंडाच्या वर राहिली तर आत बार आहे असं समजावं. (दारू ओतताना विडी ओढणाऱ्यांना काय सांगणार?)

वरातीतल्या हौशी बारांना शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही अनेकांच्या गावी नाही.

निवडणुकीआधी बंदुका ठाण्यात जमा होतात, तेव्हा परवानाधारक आयतेच भेटतात. तिथंच नळी तपासायला शिकवावं आणि सूचनांचं पत्रक कन्नडसोबत मराठीतही द्यावं.

– एक शेतकरी, ता. खानापूर, जि. बेळगाव