वेळणेश्वरच्या मदतगारांचे आभार

वेळणेश्वरला आमच्या कॅम्परव्हॅनचे दिवे मंद-प्रखर व्हायला लागले, तेव्हा नाव-गाव न विचारता धावून आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

होमस्टेवाल्या काकींनी आधी घरातले पंखे-दिवे पाहून वीज नीट असल्याचं सांगितलं. त्यांच्या घरातून गाडीला जोडलेला बाहेरचा प्लग काढला तरी दिवे तसेच, म्हणजे दोष गाडीच्या १२ व्होल्टच्या बाजूला.

होड्यांच्या बॅटऱ्या बघणारे दादा मल्टिमीटर घेऊन आले. लोड नसताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे जवळपास भरलेली. दादांनी पंप आणि फ्रीज चालू करायला लावले. बॅटरीच्या टोकांवर आकडा जेमतेम हलला, फ्यूज बॉक्सपाशी मात्र दहाच्या आसपास! मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. दिसले दोन व्होल्ट. निगेटिव्हची तार चासीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या बोल्टखाली खाऱ्या हवेने गंज धरला होता. करंट वाढला की त्या जोडावरच व्होल्टेज खर्ची पडायचं. बॅटरी बिचारी निर्दोष.

निगेटिव्ह आधी सोडवून त्यांनी बोल्टाखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, तारेच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबून बसवला, वरून ग्रीस. टॉर्च धरणाऱ्या शाळकरी मुलाने तर आमच्यापेक्षा नेमके प्रश्न विचारले.

दादा, पैसे तुम्ही घेतलेच नाहीत. इन्व्हर्टरचे जोडही पावसाआधी तसेच तपासून घेतो.