वैशाखात बघ, मग इसार दे

नौपाडा, ठाणे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मुरबाडकडच्या त्या दोन एकरांचे फोटो मिळाले, केतकीने लिहून काढलेला बेतही नीट वाचला. भात, भाजी, दूध घरचं, वीज सूर्याची आणि तिघांनी तिथेच कायमचं राहायचं. माझा विरोध नाही, उलट आनंद झाला. माझं माहेर त्याच तालुक्यातलं. तिथली माती तुला हवीशी वाटते, याहून मला वेगळं काय पाहिजे! पण एक आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही. हे फोटो श्रावणातले आहेत. ती जमीन वैशाखात बघितल्याशिवाय इसाराचा एक रुपया देऊ नका.

श्रावणात आपल्याकडचा कातळसुद्धा हिरवा दिसतो. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा उतारावरून वाहून जातो. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. मुंबई आणि आपलं ठाणं त्या बाजूच्या पाण्यावर जगतं, आणि तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. लहानपणी आम्ही विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरलाय. म्हणून जमीन दाखवणारा काय सांगतो ते ऐकू नकोस. मे महिन्यात शेजारच्या विहिरीत दोर सोडून पाणी मोज, आणि बोअर किती फुटांवर लागली नि किती कोरड्या गेल्या ते गावात चार घरी विचार. सौरपंप घ्याच, पण आधी विहिरीत पाणी हवं.

घरापुरतं पाणी मात्र छपरावरून नक्की मिळेल. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर पावसाळ्यात दोन लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. दिवसाला चारशे लिटर धरलं तर दिवाळीपासून पाऊस येईपर्यंत लाखभर लिटर लागतं. तेवढी टाकी घराच्या पायाबरोबरच बांधा. भाजी आणि गुरं तेवढ्यात भागत नाहीत. दोन गुंठे भाजीलाच उन्हाळ्यापर्यंत याच्या दुप्पट पाणी लागेल. त्यासाठी शेततळं लागेल, आणि मुरमात खणलं तर आत प्लास्टिकचा कागद अंथरावाच लागेल, नाहीतर दिवाळीपर्यंत सगळं जिरून जाईल.

भाताचा हिशेब केतकीने बरोबर मांडलाय. तुम्ही तिघे आणि येणारे-जाणारे मिळून वर्षाला चार क्विंटल तांदूळ धरा. एकरी दहा क्विंटल भात पिकलं, तर गिरणीतून साडेसहा क्विंटलच्या आसपास तांदूळ निघतो. म्हणजे पंचवीस-तीस गुंठे खाचर, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, पुरे. पण ते खाचर हवं, वरकस म्हणजे उतारावरची हलकी जमीन नको. वरकसावर नाचणी-वरई होईल, आवणीचं, म्हणजे रोपं उपटून लावायचं, भात नाही. फोटोतला निम्मा तुकडा मला वरकस दिसतोय. दुधासाठी डांगी गाय बघा. दूध कमी देते, पण आपला पाऊस सोसते. जास्त दुधाच्या संकरित गाईला त्या पावसात जपणं तुम्हाला पहिल्या वर्षी झेपणार नाही.

तेल, मीठ, औषधं, छकुलीची शाळा यांना रोख पैसा लागतोच. म्हणून निदान दोन वर्षं दोघांपैकी एकाचा पगार चालू राहू दे. यावर मी भांडेन.

कागदांचं थोडक्यात सांगते. बाबांचं नाव गावच्या सातबाऱ्यावर आहे, त्यावरून शेतकरी दाखल्याचं तहसीलमध्ये विचारून घे. कुळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. समोरच्याचा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार वकिलाला दाखव. भोगवटादार वर्ग 2 आहे का, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागते का, इतर हक्कात कुळाची किंवा खाजगी वनाची नोंद आहे का, हे बघायचंच. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर तिथेच थांब. जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे परवानगीशिवाय ती घेता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी आपल्याला नको. ती त्यांचीच राहायला हवी.

आणि 'कुणावर अवलंबून राहायचं नाही' हे केतकीचं वाक्य मला बोचलं. आवणीला दहा हात लागतात, ते शेजाऱ्यांचे असतात. पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी कुठे येते आणि तिची खाज जावी म्हणून त्यात काकडाची आंबट फळं किती घालायची, हे कातकरी बायांइतकं कुणाला ठाऊक आहे? ठाण्याच्या बाजारात मी त्यांच्याकडूनच घेते. रात्री फुरसं, तो विषारी साप, चावलं तर दवाखान्यापर्यंत गाडी काढून नेणारा शेजारीच असतो. कुंपण घालायच्या आधी गावाशी बोला.

मामाशी बोलले आहे. त्याचं एक खाचर भात कापल्यावर रिकामं होईल. त्यात वाल पेरा, तो जमिनीच्या ओलीवर आणि दवावर येतो, पाणी द्यावं लागत नाही. मग पुढचा पाऊस संपेपर्यंत तिथेच राहा, भात स्वतः लावा, स्वतः कापा. तोवर हे दोन एकर विकले गेले तर जाऊ देत, दुसरे मिळतील.

येत्या रविवारी केतकीला घेऊन ये. कल्याणहून सकाळच्या एसटीने मामाकडे जाऊ. त्या जमिनीचा सातबारा आणि गटाचा नकाशा विसरू नकोस, मामा गट क्रमांक बघितल्याशिवाय काही बोलणार नाही.

तुझी,
आई