जायची वायर, यायची वायर

माईकवाले काकांना,
सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर लांबलचक काही आलं की तुम्ही वाचत नाही, हे मला माहीत आहे. तुमची नात वाचून दाखवेल आणि अर्ध्यातच तुम्ही म्हणाल, "मुद्द्याचं सांग बाप्पा." म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकते. नागपूरच्या तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत तुम्ही शंभर फूट वायर ओढून दिलीत, आणि पुढच्या महिन्यात तेवढीच वायर उलट ओढलीत. हे आभार त्या दोन वायरींचे. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर कोणी आभार मानले की तुम्ही मान खाली घालून जॅक पुसायला लागता.

तीन वर्षांपूर्वीची ती पहिली संध्याकाळ आठवते ना? आम्ही आठ-दहा पोट्टे-पोट्ट्या, हातात मोबाईल, आणि डोक्यात एकच किडा: गल्लीची बातमी गल्लीनंच द्यायची. नळ किती वाजता येतो, नाईक तलावाच्या काठाशी कचरा कोण टाकून जातं, कोणाच्या घरचा माग अजून चालतो आणि कोणाचा भंगारात गेला. पेपरात आमचा भाग येतो तो भांडण झालं की, नाहीतर निवडणूक लागली की. तर वर्गणी काढून एका डीजेवाल्याकडून माणसाच्या उंचीचे दोन डबे, म्हणजे स्पीकर, आणले, चौकात लावले, आणि माईक नेमका त्यांच्या पुढ्यात उभा केला. पहिलं वाक्य "नमस्कार मंडळी" असं होतं. त्यातला "न" तेवढा बाहेर पडला आणि जी शिट्टी सुटली, ती थांबेचना. वरच्या माळ्यावरच्या बाळंतिणीचं लेकरू किंचाळत उठलं. तिच्या सासूनं गॅलरीतून पाण्याची बादली दाखवली. नुसती दाखवली, हे तिचे उपकार.

तुम्ही पानठेल्यावर उभे होतात. कोणाला काही न विचारता आलात, मेन स्विच बंद केलात आणि म्हणालात, "डब्याचं तोंड माईककडं, माईकचं तोंड डब्याकडं. दोघं एकमेकांचंच आइकून राहिले, त गल्लीले काय आइकू येईन?"

डब्यातून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा डब्यातून निघतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणि त्या फेऱ्याची शिट्टी होते, हे नंतर मी वाचलं. तुमच्या वाक्यात ते सगळं आधीच होतं. डबे पुढे, त्यांची पाठ माईककडे. तेव्हापासून आमच्याकडे शिट्टी वाजली नाही. एकदा वाजली, पण तेव्हा माईक हातात घेऊन डब्यासमोर नाचायला गेलेला पोट्टा माझा सख्खा भाऊ होता.

तेव्हा आम्हाला खरं तर रेडिओ काढायचा होता. कम्युनिटी रेडिओचे नियम मी छापून आणले होते आणि तुमच्या गोडाऊनमध्ये बसून मोठ्यानं वाचले होते. २००६ पासून संस्थांनाही परवाना मिळतो, पण संस्था नोंदवून तीन वर्षं झालेली हवी. एकट्यादुकट्या माणसाला मिळत नाही. ट्रान्समीटर शंभर वॅटचा, आवाज साधारण दहा किलोमीटरपर्यंत जातो. आणि आपण गोळा केलेल्या बातम्या त्यावर द्यायच्या नाहीत! (ही अट मला आजही पटत नाही. नळाची वेळ ही बातमी की माहिती, ते कोण ठरवणार?) तुम्ही शांतपणे सोल्डर मारत होतात. मग विचारलंत, "गल्ली केवढी आहे तुमची?" मी म्हटलं, दोनशे पावलं. "अन् रेडिओ जाईन कामठीच्या अर्ध्या रस्त्यापर्यंत. त्या लोकांले तुमच्या नळाचं काय करा लागते?"

रेडिओ तिथंच संपला आणि दोनशे पावलांचा हिशोब सुरू झाला. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज सहा डेसिबलनं पडतो. म्हणजे चौकात एकच दणदणीत डबा लावला तर पुढच्याचे कान फुटतात आणि शेवटच्या घरात नुसतं "धुम धुम" पोचतं, शब्द नाही. तुम्ही शाळेत, स्टेशनवर असतात तसे छोटे डबे काढलेत, प्रत्येकाच्या पोटात ट्रान्सफॉर्मर बसवलेले. अहुजाच्या जुन्या अँप्लिफायरच्या शंभर व्होल्टच्या लाईनवर सहा डबे, तीस-पस्तीस पावलांवर एक. "साध्या लाईनवर लांबच्या वायरीत आवाज मरते," असं सांगून तुम्ही प्रत्येक डबा खिडकीच्या उंचीला लावायला लावलात, आणि प्रत्येक घरात जाऊन विचारलंत की जास्त होते का, कमी होते का. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि दहा ते सहा बंद, हे नियम २००० सालचे आहेत. नागपुरात कोणत्याही वरातीत विचारून पाहा, कोणाला ठाऊक आहेत ते. तुम्ही मात्र साडेनऊलाच एकेक बटण खाली आणायचात.

एका पुढाऱ्याचं भाषण सुरू झालं की "माईकमध्ये काही तरी गडबड आहे" हे तुम्ही तीन वेळा केलंत. ती गडबड नेमकी कोणत्या बटणात होती ते आता मला माहीत आहे. त्याचेही आभार, पण त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खडी गंमतवाल्यांची, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यवाल्यांची, संध्याकाळ मात्र लिहिलीच पाहिजे. डफ, तुणतुणं, लुगडं नेसलेला नाच्या, आणि चारी बाजूंनी माणसं. चितार ओळीतल्या एका मूर्तिकारदादांनी गणपतीच्या कामातून दोन रात्री काढून मागचा पडदा रंगवून दिला होता आणि तो आम्ही ऐटीत बांधला होता. शाहीर आले, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, याच्यापुढे उभं राहिलो तर मागच्या लोकांनी काय आमच्या पाठी पाहायच्या? खडी गंमतला पुढचं-मागचं नसतं, कलावंत उभ्याउभ्या गोल फिरत राहतात. आमचा स्टँडवरचा माईक तर कुचकामीच झाला. तुम्ही वर पाहिलंत. दोन घरांमध्ये कपडे वाळत घालायची दोरी होती. परकर, टॉवेल बाजूला सारून तुम्ही मधोमध माईक उलटा टांगलात. डफाच्या वर, माणसाच्या डोक्याच्या हातभर वर. सवाल-जवाब शेवटच्या घरापर्यंत शब्द न शब्द ऐकू गेले. पडदा शेवटी चक्कीच्या शटरवर टांगला, तो अजून तिथंच आहे. आमच्या बाबांना गिऱ्हाइकं विचारतात, पीठ दळता की नाटक करता.

आता वायर.

बोळाच्या टोकाला राहणारे आजोबा जन्मभर खड्डामागावर बसले. नऊवारी लुगडी विणली. गुडघे गेले तसा मागही थांबला, पण मोडला नाही, खोलीत तसाच उभा आहे. दोन पोट्ट्या त्यांच्याकडे आवाज टिपायला गेल्या. मोबाईल मागाच्या लाकडावर ठेवायचा नाही, नाहीतर धक्काच टिपला जातो, तो टॉवेलात गुंडाळून दोन हात दूर स्टुलावर ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलेलं. आजोबांनी त्यांच्यासाठी माग थोडा चालवून दाखवला. ती खटखट ऐकून शेजारची म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली.

शनिवारी दुपारी, महिन्याच्या कार्यक्रमाआधी साऊंड तपासताना तुम्ही विचारलंत, "आजोबाले कुठं बसवता?" आम्ही म्हटलं, ते कसे येणार, खाटेवरून उठवत नाही त्यांना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "त्याचंच ऐकवता, अन् त्यालेच नाही?"

खरं सांगते, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आम्ही पोस्टर चिकटवत होतो. तुम्ही वायरीचं बंडल खांद्यावर टाकलंत, दोन गच्च्या ओलांडल्यात, कडुनिंबाच्या फांदीला एक गाठ मारलीत आणि सगळ्यात छोटा डबा आजोबांच्या खिडकीला लावलात. खिळा त्यांच्याच घरचा, ठोकायला वरवंटा.

कार्यक्रमात आमची पोट्टी मोठ्या झोकात बोलली: "विणकर कांडी इकडून तिकडे फेकतो." चौकात टाळ्या पडल्या. बोळात काय झालं ते आम्हाला कळलंच नाही. आवाजाची पातळी पाहायला तुम्ही तिथं गेला होतात, म्हणून तेवढं तुम्हाला कळलं. परत आलात ते हसतच. "आजोबा खाटेवरून बोंबलून राहिले. अबे, कांडी नाही फेकत, धोटा फेकते! कांडी धोट्यात राह्यते!"

(धोटा म्हणजे ताण्यातून आरपार फेकायची लाकडी नाव, कांडी म्हणजे तिच्या पोटातली सुताची गुंडाळी.) आम्ही हसून सोडून दिलं. तुम्ही सोडलं नाहीत. पुढच्या महिन्यात, कार्यक्रमाच्या शनिवारी, दुसरं बंडल घेऊन आलात. "हे वापसीचं." त्याच रस्त्यानं उलटी वायर, आणि तिच्या टोकाला आजोबांच्या उशाशी माईक. ही वायर वेगळी होती, वरून जाळी असलेली, आत दोन तारा. गल्लीत विजेच्या तारा, पावरलूमच्या मोटरी, या सगळ्यांची घरघर लांबच्या माईकमध्ये घुसते म्हणून. तुम्ही पोरांना समजावलंत: "एका तारेत आवाज सरळ जाते, दुसऱ्या तारेत उलटा. मधात जे घुसते ते दोन्हीत सारखंच घुसते. शेवटी उलट्याले पुन्हा सुलटं केलं का घुसलेलं कटून जाते अन् आपला आवाज तेवढा उरते." दहावीतल्या एका पोराला भौतिकशास्त्र त्या दिवशी पहिल्यांदा आवडलं, असं तो स्वतः सांगतो.

त्या संध्याकाळी चौकातल्या डब्यातून आजोबांचा आवाज आला. त्यांनी धोटा सांगितला, फणी सांगितली, ताणा किती हात असायचा ते सांगितलं. आम्ही भान विसरून ऐकत होतो आणि मध्येच दुसरा आवाज आला, बाईचा, माईकपासून जरा लांबून: "अन् कांड्या कोण भरे?"

आजी होत्या. आजोबा गप्प झाले. मग माईकची खरखर झाली, बहुतेक हातातून हातात गेला. आजी म्हणाल्या, धोटा फेकणाऱ्याले विणकर म्हणते, पण आत कांडी भरलेली नसली त धोटा काय फेकता? पहाटे उठून कांड्या भरायच्या, मग चूल, मग पुन्हा कांड्या. लेकरं पण भरायची, शाळेच्या आधी. मजुरी लुगड्यामागे मिळे, ती माणसाच्या हातात. पोट्टी कांडी म्हणाली ते काही एवढं चुकलं नाही.

चौकात बायका उभ्या राहिल्या. माझी आईसुद्धा. तिनं लहानपणी कांड्या भरल्या होत्या, हे मला त्या रात्री कळलं.

नंतर आजी मला म्हणाल्या, मागाच्या खोलीत फळीवर रेडिओ असायचा, नागपूर केंद्र लागलेलं. ते केंद्र १९४८ पासून चालू आहे, म्हणजे आजींच्या जवळजवळ आख्ख्या आयुष्याइतकं. "जलमभर बोलला तो. आपण मधात काही म्हटलं त त्याले कुठं आइकू जाय?" एवढं बोलून त्या भांडी घासायला गेल्या. आता दर महिन्याला उशाशी माईक कोणाकडे राहणार यावरून दोघांत वाद होतो आणि तोही चौकात ऐकू येतो. लोक त्यासाठी वेळेवर येतात.

मारबतीचंही राहिलंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, बाईचे मोठाले पुतळे, मिरवणुकीत निघतात, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे, गळ्यात महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंतच्या पाट्या. मला विचाराल तर बडग्या हाच या शहराचा सगळ्यात जुना गल्लीचा पेपर. परवाना लागत नाही, आणि संध्याकाळी जाळून मोकळं. तुम्ही म्हणालात, ढोलाजवळ उभं राहू नका, मोबाईलवर मोजा चढवा, कोपऱ्यावर थांबा. म्हणून तर "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी आमच्याकडे इतकी स्वच्छ आहे. यंदा पोरांनी बडग्या केला तो डीजेच्या डब्याचा. तुम्ही हसलात, पण मग बराच वेळ बोलला नाहीत.

गोडाऊन बंद करताय हे त्यानंतर आठवड्यानं कळलं. छोट्या डब्यांना आता कोणी बोलवत नाही, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात सांगितलंसुद्धा नाही. अँप आणि सहा डबे हातगाडीवर टाकून आमच्या चक्कीवर पाठवून दिलेत, सोबत ऑर्डरची वही. चुकून आली असेल, परत करते. पण मी पाहिली. सगळ्यांच्या नावापुढे रुपये लिहिलेत. आमच्या गल्लीपुढे, भाड्याच्या रकान्यात, दर वेळी एकच शब्द: चहा. एकतीस वेळा. त्यातले निम्मे तर पानठेल्यावाल्यानं पाजलेत, म्हणजे तेवढे आमच्याकडे बाकी आहेत.

आणि आजोबांचा निरोप आहे. पावसापासून त्यांच्या डब्यात खरखर येते. आम्ही कडुनिंबाजवळचा जोड उघडून पाहिला, तुम्ही दाखवलं होतं तसा पिळून टेप मारला, तरी जात नाही. आजी म्हणतात वायर उंदरानं कुरतडली, आजोबा म्हणतात डबाच गेला. शनिवारी चार वाजता येऊन बघून जा.

तुमची,
चक्कीवाल्यांची मोठी