दादाच्या गोळ्या

सातारा
रविवार, दुपार

प्रिय शैले,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. दिवाळीचं पार्सल पोचलं होतं, चकल्यांचा चुरा झाला होता तरी खाल्ला, आणि पोच द्यायची राहिली ती राहिलीच. मी बरी आहे. शुगर काठावर, गुडघे आहेत तसे. झालं.

फोन करत नाही, कारण दादा-वहिनी दिवाळीपासून माझ्याकडेच आहेत आणि दादा शेजारी बसून सगळं ऐकतो. त्याचं विसरणं आता नुसतं वयाचं राहिलेलं नाही गं. परवा सकाळी विजेचं बिल भरून आला आणि दुपारी तेच भरायला पुन्हा निघाला. पोवई नाक्यावरून घरचा रस्ता चुकला. पोवई नाका! जिथे त्याने उभा जन्म चहा प्यायला. एमआरआयमध्ये मेंदूत जुने बारीक ठिपके निघाले, म्हणजे कधीतरी येऊन गेलेले छोटे झटके, त्याला कळलेही नाहीत असे. बी १२ कमी होतं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. तुझ्याबद्दल मात्र विचारलं तर लगेच, "ती ना, नाही म्हणालेली!" तेवढं अजून पक्कं आहे.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्याची बॅग लावताना ॲटोरव्हास्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायच्या गोळीच्या पट्ट्या सापडल्या, न फोडलेल्या. स्टेंट बसवला तेव्हा लिहून दिलेली गोळी, आणि साहेबांनी ती केव्हाच सोडलेली. विचारलं तर म्हणतो, "मेंदू कोलेस्टेरॉलचाच असतो. ते तुम्ही उतरवायचं आणि वर म्हणायचं दादा विसरतो!" त्याऐवजी गुग्गुळ, ब्राह्मी घृत आणि अर्जुनारिष्ट चाललंय, कुणा ओळखीच्याने सांगितलं म्हणून.

पंचाईत अशी की त्याचं अर्धं खरं आहे. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण अंगातलं पाचवा हिस्सा तरी कोलेस्टेरॉल तिथेच असतं. फक्त ते मेंदू आपलं आपण करतो, रक्तातलं तिकडे शिरत नाही. आणि रक्तातलं चांगलं नाहीच. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांच्या यादीत घातलं. दादा चौऱ्याहत्तरचा, तेव्हा त्या हिशेबाने उशीरच झाला. पण स्टेंट आहे, ते ठिपके आहेत, पुढचा झटका टाळायला गोळी हवीच, असं डॉक्टर म्हणतात.

आणि गुग्गुळाचं मला कोण सांगणार? गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरतं हे सत्यवतीबाईंचं बनारसचं काम, सुश्रुतातल्या मेदोरोगावरून (अंगात चरबी साठण्यावरून) सशांवर केलेलं, १९६६चं. चव्हाण सरांसमोर तू ते असं रंगवलंस की माझ्या नेच्यांकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. (विसरले नाही हं.) पुढे २००३ साली अमेरिकेत शंभरएक माणसांना आठ आठवडे गुग्गुळ देऊन पाहिला, तर एलडीएल उतरायच्या ऐवजी थोडं चढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. दादाच्या हातांवरही पुरळ आहे. म्हणतो, उष्णता. स्मृतीसाठी देतात त्या जिन्को झाडाच्या अर्काची तीच कथा. तीन हजारांवर म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षं दिला, २००८मध्ये निकाल आला, उपयोग नाही.

मी झाडपाल्यावर उठलेय असं समजू नकोस. रात्री इसबगोल मीच देते, त्याने एलडीएल थोडं तरी उतरतं. विस्मरणावरचं गॅलँटामाइन स्नोड्रॉपच्या कंदातून निघालं, हेही त्याला सांगून पाहिलं. म्हणाला, "विलायती फूल, आपल्या प्रकृतीला नाही चालायचं." छातीतला स्टेंट काय कराडच्या बाजारातून आणलाय?

तर आता वहिनी म्हणते, "वन्सं, मी गोळी कुटून घृतात कालवते, त्यांना काय कळतंय." मी रात्रभर जागी. मग सुचलं, पहिलं स्टॅटिन, म्हणजे या गोळीच्या कुळातलं पहिलं औषध, जपानात अकिरा एंडोंनी पेनिसिलियम बुरशीपासून मिळवलं होतं. म्हणजे "दादा, ही आपल्या बॉटनीतलीच आहे" असं तोंडावर सांगून देता येईल. आपल्या वेळी बुरशी बॉटनीच्याच पेपरात होती, तुझे सगळे मार्क तिथेच गेले. पण ॲटोरव्हास्टॅटिन कारखान्यात जुळवलेलं, बुरशीशी नातं फार तर चुलत. म्हणजे खोटं ते खोटंच.

म्हणून तुला लिहितेय. अक्कांच्या चहात तू गोळी विरघळवायचीस, त्यावरून आपण किती भांडलो. मी म्हणाले होते, माणूस विसरतं म्हणून त्याला विचारायचंच नाही का? तू म्हणालीस, आठ दिवस राहून बघ. मग कितीतरी महिने अबोला. माझं म्हणणं अजून तेच आहे. दादा सही करतो, पेपर वाचून सरकारला शिव्या देतो, रमीत मला हरवतो. नको म्हणायचा त्याला हक्क आहे. पण नको म्हणतोय तो दादा, की ते ठिपके, हे कुणी ठरवायचं? डॉक्टर म्हणाले, आधी त्यांच्याशी बोला आणि घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन या. बोलते रोज. रोज पटतं त्याला, शैले. रोज नव्याने पटतं, आणि सकाळी गोळी पुढे केली की पुन्हा मेंदू कोलेस्टेरॉलचा.

तू अक्कांना विचारणं कधी थांबवलंस? कुणी सांगितलं म्हणून, की तूच ठरवलंस? आणि अक्कांना कधी कळलं का? मला धीर देऊ नकोस, जसं झालं तसं लिही.

मोतीबिंदू उरकला ना? मुक्ताचं जमतंय असं लिली म्हणाली, तिला आशीर्वाद. जावयांची बदली रद्द झाली की नाही? इंदूरची शेव आता पाठवू नकोस, पथ्य माझ्यापुरतंच उरतं, डबा दादा संपवतो.

पत्रावर माझं नाव ठळक घाल आणि 'खासगी' लिही. टपाल दादाच घेतो.

तुझी,
मंदा