टक्केवारीसोबत प्रश्नही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयीन प्रेमसंबंधांतल्या मारहाणीच्या बातम्यांत 'पाचांतल्या एकाला मार' असा आकडा हमखास असतो. तो खोटा नाही. २०१७ मध्ये १०१ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरी साधारण २० टक्केच निघाली. पण सुटे अभ्यास पाहिले तर कुठे १ टक्का, कुठे ६१! मुलं जागोजागी वेगळी वागतात हे मान्य, तरी या तफावतीत प्रश्न कसा विचारला याचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेतल्या शालेय सर्वेक्षणाचंच बघा. २०११ पर्यंत सरसकट सगळ्यांना विचारत, गेल्या १२ महिन्यांत जोडीदाराने मुद्दाम मारलं का? ज्यांना जोडीदारच नव्हता त्यांचंही उत्तर 'नाही', आणि तेही टक्केवारीच्या हिशेबात धरलेले. २०१३ पासून 'मी कोणासोबत नव्हतो' हा वेगळा पर्याय आला आणि किती वेळा मारलं हेही विचारू लागले. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून वाढ-घट सांगणं म्हणूनच चूक आहे.

मला जास्त काळजी वाटते ती अशा सर्वेक्षणांत बऱ्याचदा दिल्या जाणाऱ्या कृतींच्या यादीची. ढकललं का, थप्पड मारली का, केस ओढले का, अशा खुणा करायच्या. मस्करीत ढकललं, रागाने भिंतीवर ढकललं किंवा वाट अडवून उभ्या असलेल्याला ढकलून एखादी मुलगी निसटली, तर तिन्हींची खूण एकच. वर सांगितलेल्या १०१ अभ्यासांत मारल्याची कबुली मुलींत २५ टक्के, मुलांत १३ टक्के होती. यावरून 'मुलीच जास्त मारतात' असा मथळा सहज करता येतो. पण दुखापत कोणाला झाली, सुरुवात कोणी केली, भीती कोणाला वाटत होती, हे त्या आकड्यात नाही. मार खाणाऱ्या मुलांचं दुःखही असल्या मथळ्याने कळत नाही. उलट, त्यांची थट्टाच होते.

आपल्याला कळकळीची विनंती आहे की, असा आकडा छापताना मूळ प्रश्न शब्दशः द्यावा. किती काळाबद्दल विचारलं, कोणाला वगळलं, भीती आणि इजा विचारली का, हेही दोन ओळींत द्यावं. आणि उत्तरं वर्गात, बाकावर शेजारी कोणी बसलेलं असताना लिहून घेतली का, हे तर जरूर सांगावं. जोडीदार त्याच वर्गात असेल तर मुलगी कागदावर काय लिहील?

आपला,
एक नियमित वाचक